एक दिवस, तीन गावं आणि दोन घंटा

पुण्याच्या माणसाला इतिहास बघायला फार लांब जावं लागत नाही. तासाभरात किल्ला, दीड तासात पेशव्यांचं एखादं देऊळ, दोन-तीन तासांत लेणी. पण सगळं इतकं हाताशी असलं की होतं काय, 'बघू कधीतरी' म्हणत माणूस दिल्ली-आग्रा करून येतो आणि नसरापूर राहूनच जातं. म्हणून आम्ही काही जणांनी एक साधा नियम केलाय. अधूनमधून एखादा रविवार काढायचा, गाडी एकच न्यायची, तीत मावतील तेवढीच माणसं घ्यायची आणि रात्रीच्या वरणभाताला घरी परत यायचं. माणसं वाढली की सहलीची वरात होते.. मग बघणं कमी आणि डोकी मोजणं जास्त.

यावेळी नसरापूर, वाई आणि मेणवली असं ठरलं, त्याला कारण माझा ऑफिसातला मित्र. हा मूळचा वसईचा. तिथल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातला, घरी कादोडी बोलणारा. कादोडी म्हणजे तिकडची मराठीची बोली. भरभर बोलायला लागले की आपल्याला निम्मीच कळते, पण कळली की फार गोड वाटते. त्याची आई पंधरा दिवसांसाठी पुण्याला आली होती. तिला पर्वती दाखवून झाली, शनिवारवाडा दाखवून झाला. मग एक दिवस जेवताना तीच म्हणाली, "आमच्या वसईच्या घंटा तुमच्याकडे देवळांत आहेत म्हणतात, त्या दाखवा की." झालं, बेत ठरला.

तर मंडळी अशी : मी, नवरा, आत्या (हायस्कुलात तीस वर्षं इतिहास शिकवलाय, अजूनही शिकवते, फक्त वर्ग बदललाय :) ), शेजारचे काका (पेशवाईचे कट्टर अभिमानी), सहावीतला भाचा, मित्र आणि त्याची आई.

कात्रजचा बोगदा ओलांडून गाडी सातारा रस्त्याला लागली आणि आत्याचा तास सुरू झाला. बहुतेकांना थोडीबहुत माहीत असलेली गोष्ट आहे, पण पुढचं समजायला लागते म्हणून थोडक्यात सांगते.

गुजरातच्या बहादुरशहाने १५३४ साली तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. तिथून पुढे दोनशे पाच वर्षं ती त्यांच्याकडे होती. गोव्याच्या खालोखाल त्यांचं मोठं ठाणं तेच. वसईच्या कोटात एक अख्खं शहर होतं. फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट, ऑगस्टिनियन, प्रत्येक पंथाचं आपापलं चर्च आणि मठ. आजही किल्ल्यात गेलात तर छप्पर उडालेल्या उंच भिंती दिसतात, त्यांतल्या बऱ्याचशा याच चर्चेसच्या. या राज्यात इतर धर्मांच्या लोकांना फार जाच झाला, देवळं पडली, उघडपणे सणवार करणं अवघड झालं. त्याच काळात तिथले कितीतरी शेतकरी, बागायतदार ख्रिस्ती झाले. कुणी धाकाने, कुणी लाभासाठी, कुणी मनापासून. दोनशे वर्षांच्या गोष्टीला एकच कारण कसं असेल?

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं आणि साष्टी घेतली. मग बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजीअप्पा वसईवर उतरले. १७३९ च्या फेब्रुवारीत वेढा पडला. तीन बाजूंनी पाणी आणि दलदल, चौथ्या बाजूला भक्कम तट. सुरुंग लावायचे, तट फोडायचा, आत घुसायचं, पुन्हा मागे रेटलं जायचं.. असं चाललं. दोन्हीकडची माणसं पडली, मराठ्यांकडची तर हजारांनी. किल्ला हाती येत नाही म्हटल्यावर 'निदान माझं डोकं तोफेला बांधून आत पडेल असं करा' असं अप्पा म्हणाले, अशी आख्यायिका आहे. मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. त्यांच्या शिबंदीला हत्यारांसह, वाजतगाजत बाहेर जाऊ दिलं गेलं. आणि परंपरा अशी सांगते की तिथल्या चर्चमधल्या घंटा उतरवून मराठी फौजांनी देशावर आणल्या.

"विजयाची खूण!" काका म्हणाले.

मित्राची आई खिडकीतून बाहेर बघत होती. ती काही बोलली नाही. गाडीत थोडा वेळ नुसताच एसीचा आवाज.

नसरापूर फाट्याला आत वळलं की बनेश्वर येतं. नावाप्रमाणे बनातच आहे, झाडीत. बाहेर ऊन असलं तरी आत शिरल्यावर गार वाटतं. देवळापुढे पाण्याची कुंडं, त्यांत मासे. पलीकडे शिवगंगा नदी, पावसाळ्यात तिचा धबधबा होतो. देऊळ १७४९ सालचं, नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं. म्हणजे चिमाजीअप्पांच्या पुतण्याने. अप्पा स्वतः वसईनंतर दीड वर्षात, १७४० च्या डिसेंबरात गेले आणि बाजीराव त्याच वर्षी एप्रिलमध्ये. ज्या दोघा भावांनी ती मोहीम आखली, त्यांनी हे देऊळ पाहिलेलंच नाही.

घंटा बघायला मान वर करावी लागते. आपण देवळात बघतो तिच्यापेक्षा वेगळी आहे हे लगेच कळतं. अंगाने जाड, खांद्यावर गोल, खाली तोंडाशी पसरट. तिच्यावर क्रूस आहे आणि साल आहे : १६८३.

आत्याने भाच्याला विचारलं, "सोळाशे त्र्याऐंशी साली काय झालं, सांग बरं?" त्याने बोटं मोजली, शिवाजी महाराज १६८० ला गेले, म्हणजे संभाजी महाराजांचं राज्य, इथपर्यंत बरोबर आला. पुढचं आत्याने सांगितलं. त्याच वर्षी संभाजीराजांनी पोर्तुगीजांना हैराण केलं होतं. चौलजवळ रेवदंड्याला वेढा, फोंड्याला त्यांच्या व्हाइसरॉयला मार देऊन मागे रेटलं आणि नोव्हेंबरात मराठे थेट गोव्याच्या वेशीवर. व्हाइसरॉय इतका घाबरला की जुन्या गोव्यात सेंट झेवियरची शवपेटी उघडवून त्याने आपला अधिकाराचा दंड संताच्या देहापाशी ठेवला आणि 'आता तूच सांभाळ' म्हणून साकडं घातलं. म्हणजे एकीकडे ही लढाई चाललेली आणि त्याच वर्षी कुठेतरी कुणीतरी ही घंटा ओतत होतं. तोफा ओतायच्या धामधुमीत घंटा! मला हे फार गंमतीचं वाटलं. लढाईच्या वर्षीसुद्धा लोकांना घंटा लागते.

आणि धातू दोन्हीकडे जवळपास तोच. घंटेचं कासं म्हणजे साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. कथील थोडं कमी केलं की तोफेची मिश्रधातू तयार. त्यामुळे युरोपात लढाई आली की पहिली कुऱ्हाड घंटांवर पडायची. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने जिंकलेल्या मुलखांतून आणि स्वतःच्याही गावांतून लाखावर घंटा उतरवून भट्टीत घातल्या. पेशव्यांना तोफांची गरज काही कमी नव्हती. तरी या घंटा वितळल्या नाहीत, एवढं आज आपल्याला डोळ्यांनी दिसतं.

तेवढ्यात भाच्याने तो प्रश्न विचारला.

"मावशी, मग ही चोरलेली आहे का?"

काका एकदम म्हणाले, "चोरलेली कसली? जिंकलेली!"

"फरक काय असतो?"

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मित्राच्या आईकडे बघून मिटलं. मोठा माणूस असं थांबतो ना, तेव्हा त्याच्याविषयी आदर वाटतो. उत्तर कुणीच दिलं नाही. आईनेच विषय बदलला. एक जोडपं दर्शनाला आत चाललं होतं, बाईने हात उंच करून जवळची एक घंटा वाजवली. आई म्हणाली, "तुमच्याकडे प्रत्येकजण वाजवतो. आमच्याकडे एकच माणूस वाजवतो, आणि ऐकतात सगळे."

गाडीत बसल्यावर तिने नीट सांगितलं. चर्चची घंटा गावासाठी असते. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीनदा प्रार्थनेची वाजते, शेतात असाल तरी हातातलं काम थांबवून दोन मिनिटं उभं राहायचं. लग्नाची वेगळी, मयताची वेगळी. टोल ऐकून म्हातारी माणसं घरबसल्या सांगायची, आज कुणीतरी गेलं. नवी घंटा आली की बिशप तिला आशीर्वाद देतात, तिचं नावसुद्धा ठेवतात, बारशासारखं. "म्हणजे ती वस्तू नसते, माणूसच असते गावातलं," ती म्हणाली.

आपल्याकडे उलटं आहे. आपण घंटा वाजवतो ती देवासाठी : आलोय रे बाबा, बघ. तिकडे देव, म्हणजे त्याचं देऊळ, माणसांना हाक मारतं. एकच घंटा, पण हाकेची दिशाच फिरली. अडीचशे-पावणेतीनशे वर्षं ती आता उलट्या दिशेने हाक मारतेय.

खंबाटकी घाट चढून सुरूर फाट्याहून वाईला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. वाईविषयी लिहायचं तर वेगळा लेख लागेल. अफझलखान प्रतापगडाच्या वाटेवर आला तो याच मुलखातून, वाई त्याच्याच सुभ्यात होती. मराठी विश्वकोशाचं काम चाललं ते इथेच, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली. पण आज आम्ही आलो होतो ढोल्या गणपतीला.

१७६२ साली गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं हे देऊळ अगदी कृष्णेच्या काठाशी आहे. मागची भिंत नेहमीसारखी सपाट नाही, माशासारखी निमुळती होत गेलेली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी या टोकाशी दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं, देवळावर जोर येत नाही. नवरा इंजिनियर असल्यामुळे आम्हाला त्या भिंतीशी अर्धा तास उभं राहावं लागलं, हे वेगळं सांगायला नकोच. रास्ते म्हणजे नानासाहेबांची सासुरवाडी, गोपिकाबाईंचं माहेर.

इथे घाटावर पाय सोडून बसल्यावर माझ्या डोक्यात एक हिशेब जुळला. सालं बघा. वसई पडली १७३९ ला. नाशिकचं नारोशंकराचं देऊळ १७४७ चं. बनेश्वर १७४९. वाईचं काशीविश्वेश्वर आणि ढोल्या गणपती १७५७ ते १७६२. मग मेणवली. म्हणजे वसईनंतरची वीस-पंचवीस वर्षं हा देवळं बांधायचा काळ होता. पेशवे, सरदार, सावकार, सगळ्यांकडे मोहिमांचा पैसा आला होता आणि जो तो नदीकाठी घाट आणि देऊळ बांधत होता. नव्या देवळाला घंटा लागते. आणि मोठ्या, सुरेल, तयार घंटा वसईहून आलेल्या होत्या. नारोशंकराची प्रसिद्ध घंटा १७२१ सालची आहे, भीमाशंकरलाही अशी एक आहे. सालं बघितली की परंपरेतलं सांगणं पटायला लागतं : १६८३, १७०७, १७२१.. सगळी १७३९ च्या आधीची.

म्हणजे या घंटा नुसत्या शत्रूची नामुष्की म्हणून टांगल्या असं म्हणणं अपुरं आहे. अभिमान होताच, तो का नसावा? पण नुसती नामुष्की करायची असती तर क्रूस छिन्नीने उडवता आला असता. एका दुपारचं काम. तो कुणी उडवला नाही.

वाईत जेवण आटोपून (पिठलं, भाकरी, ठेचा, वर ताक) मेणवलीला निघालो. तीनेक किलोमीटर. गाव छोटं, पण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी न जाताच पाहिलेलं आहे, कारण २००४ च्या 'स्वदेस' सिनेमातला घाट तो हाच. भाच्याने तो सिनेमा पाहिलेला नाही, त्यामुळे आम्ही एवढे खूश का झालो ते त्याला कळलं नाही.

१७६८ साली ही जमीन नाना फडणवीसांना मिळाली. त्यांनी इथे सहा चौकांचा वाडा, मागे कृष्णेचा घाट आणि दोन देवळं बांधली, एक मेणेश्वराचं आणि एक विष्णूचं. वाड्याच्या भिंतींवर चित्रं आहेत, पुसट झालेली, पण जवळ गेलं की रंग दिसतात. नानांचे कागदपत्र कितीतरी वर्षं याच वाड्यात होते. 'मेणवली दप्तर' म्हणतात ते हेच. पुढे इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांच्या संग्रहात गेलं आणि आता पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आहे. उत्तर पेशवाईचा इतिहास लिहिणाऱ्याला त्याच्यावाचून पुढे जाता येत नाही.

वाड्याच्या मागून घाटाकडे उतरलं की देवळापाशी दगडात बांधलेली एक छोटीशी इमारत आहे. ती फक्त घंटेसाठी. आत ती टांगलेली. इथे मान वर करावी लागत नाही, ती समोर येते. चांगली मोठी, काळपट हिरवी. तिच्यावर साल आहे १७०७. आणि बाळ येशूला घेतलेली मरिया.

१७०७ म्हणजे औरंगजेब वारला ते वर्ष. त्याच वर्षी शाहू महाराज कैदेतून सुटून साताऱ्याकडे आले. शाहूंच्याच सनदेने पुढे पेशवाई उभी राहिली, त्या पेशव्यांनी वसई घेतली आणि शाहू सुटले त्या वर्षीची घंटा साताऱ्याच्या मुलखात येऊन राहिली. इतिहास असा जुळवून कुणी रचत नाही, पण जुळतो खरा.

मित्राची आई पुढे झाली. आम्ही सगळे नकळत दोन पावलं मागे थांबलो. तिने आधी कपाळ, मग छाती, मग दोन्ही खांदे असा क्रूस केला, आपण देवळापुढून जाताना हात जोडतो इतक्या सहज. मग बोटाने मरियेच्या चेहऱ्यावरून हळूच हात फिरवला. झिजलाय तो चेहरा, नाक-डोळे ओळखू येतात न येतात. मग बोटाच्या पेरांनी घंटेला एक टिचकी मारली. इतक्या जाड धातूला टिचकीने काय होणार? पण कान जवळ नेला तर आतून एक बारीक गुणगुण ऐकू येत होती, बराच वेळ. तिने आम्हा सगळ्यांना एकेकाला कान लावायला सांगितला. काकांनीही लावला.

"बरी ठेवलीये," ती म्हणाली. "पडली नाही, फुटली नाही, तिच्यावर छप्पर आहे. आमच्या किल्ल्यातल्या चर्चांना छप्पर नाही राहिलं. तिथे असती तर काय झालं असतं कुणास ठाऊक."

मग काकांनी तिला सरळ विचारलं, "ही परत न्यावी असं वाटतं का हो तुम्हाला?"

मला वाटलं, कशाला विचारलं यांनी! पण प्रश्न खोटा नव्हता आणि विचारण्यात टोचणीही नव्हती.

जगात हा प्रश्न जुना आहे. ९९७ साली कोर्दोबाच्या अल-मन्सूरने स्पेनमधलं सान्तियागो जिंकलं आणि तिथल्या चर्चच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कोर्दोबाला नेल्या. मशिदीत त्यांचे दिवे केले. १२३६ मध्ये ख्रिस्ती राजाने कोर्दोबा घेतलं, तेव्हा त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून परत सान्तियागोला पाठवल्या. म्हणजे दोनशे एकोणचाळीस वर्षांनी हिशेब चुकता झाला, पण दोन्ही वेळा ओझं कैद्यांच्याच खांद्यावर. दुसरं उदाहरण अगदी अलीकडचं. फिलिपिन्समधल्या बालांगिगा गावातून १९०१ साली अमेरिकन सैन्याने तीन घंटा नेल्या होत्या. गावकरी त्या मागत राहिले, मागत राहिले, आणि २०१८ च्या डिसेंबरात त्या परत आल्या, त्याच चर्चमध्ये. तेव्हा परत देता येतं, असं नाही की येत नाही.

मित्राच्या आईने थोडा विचार केला. "कुणाला परत देणार?" ती म्हणाली. "पोर्तुगीज त्यांच्या देशी गेले. चर्च पडलं. आम्ही तर कुठे गेलोच नाही, आम्ही इथेच आहोत. माझी घंटा माझ्याच देशात आहे. फक्त कुणी सांगताना, आमची आठवण ठेवून सांगावं."

हे ऐकलं आणि मला भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर कुठे अडत होतं ते कळलं. 'जिंकलेली' म्हणताना आपण मनात दोनच बाजू धरतो, मराठे आणि पोर्तुगीज. ते बरोबरच आहे, लढाई त्यांच्यातच झाली. पण घंटा ऐकणारे तिसरेच होते. वसईच्या वाड्यांमधले, भात आणि केळी पिकवणारे, मराठीची बोली बोलणारे लोक. पोर्तुगीज जहाजात बसून गेले, हे मागे राहिले. तहातच त्यांच्यासाठी काही चर्च चालू ठेवायची मुभा होती. त्यांच्यातूनच पुढे मराठी लिहिणारी माणसं झाली. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या ९३ व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते (२०२४ मध्ये ते गेले). त्यांच्या आणि या आईच्या कुणा खापरपणजीने १७३९ च्या त्या उन्हाळ्यात एके दिवशी शेतात काम करताना दुपारची घंटा वाजायची वाट पाहिली असेल, आणि ती वाजली नसेल. ही गोष्ट विजयाच्या गोष्टीला खोटं पाडत नाही. ती त्याच गोष्टीचा एक भाग आहे, जो आपण सांगत नाही.

आणि विजयाचं म्हणाल तर वसईनेच पुढे त्याचाही धडा दिला. नाना फडणवीसांचा जन्म १७४२ चा. वसईची लढाई त्यांनी पाहिलेली नाही, ती त्यांच्या वडीलधाऱ्यांची. पण वसई सांभाळायची वेळ त्यांच्यावर आली. १७८० साली इंग्रजांनी ती घेतली, तेव्हा १७८२ च्या सालबाईच्या तहात नानांनी आणि महादजींनी ती परत मिळवली. साष्टी मात्र गेली ती गेलीच. १८०० साली नाना वारले. आणि १८०२ च्या डिसेंबरात, शेवटच्या तारखेला, पळून गेलेल्या दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह करून पेशवाईचं स्वातंत्र्य लिहून दिलं. कुठे? वसईला. चिमाजीअप्पांनी हजारो माणसं खर्ची घालून घेतलेल्या वसईत, त्रेसष्ट वर्षांनी, एका सहीने. वसईची घंटा मेणवलीच्या घाटावर होती तशीच राहिली आणि ज्यांनी ती जिंकली त्यांचं राज्य वसईतच गहाण पडलं.

काकांना हे मी घाटावर बसूनच म्हटलं. ते बराच वेळ नदीकडे बघत होते. मग म्हणाले, "अभिमान सोडणार नाही हं मी." मी म्हटलं, "सोडू नका ना. कोण सोडा म्हणतंय?" आत्या म्हणाली, "अभिमान असलेल्या माणसाने तर सगळं माहीत करून घ्यावं. ज्याला लाज वाटते तो अर्धं सांगतो." शिक्षिका ती शिक्षिकाच.

भाच्याला उत्तर मिळालं का? परतीच्या वाटेवर त्याने स्वतःच ठरवलं. वहीत त्याने लिहिलं ते असं : 'ही घंटा वसईच्या चर्चची. मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकली. वसईच्या लोकांची पण आहे. अजून चांगली वाजते.' चार वाक्यं. घंटेपाशी एखादी पाटी लावायची झाली तर मी यात एक अक्षर बदलणार नाही.

तर आता तुमच्यासाठी काम. तुमच्या गावाकडच्या देवळात मोठी जुनी घंटा असेल तर एकदा खाली उभं राहून नीट बघा. अंगाने जाड, तोंडाशी पसरट, वर टांगायला एकाहून जास्त कड्या, अंगावर आडव्या रेघांचे पट्टे, क्रूस, रोमन अक्षरं किंवा इंग्रजी आकडे दिसले, तर आधी साल वाचा. १७३९ च्या आधीचं असेल तर ती कुठून आली असेल याचा अंदाज तुम्हाला आलाच. पुजाऱ्यांना विचारा, म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते काय सांगतात ते लिहून ठेवा. चुना, शेंदूर किंवा ऑइलपेंट फासून अक्षरं बुजवू नका म्हणावं, आणि चकचकीत करायच्या नादात घासू तर अजिबात नका.

नाशिकच्या मामांनी नारोशंकराच्या देवळात एक चक्कर मारून घंटेचे फोटो पाठवावेत ही विनंती. मित्राच्या आईला ते हवे आहेत. आणि वहिनी, तुमच्या माहेरच्या देवळातल्या त्या घंटेचं काय म्हणत होता तुम्ही गेल्या दिवाळीत? पुढचा रविवार तिकडेच काढू. गाडीत अजून एक जागा आहे.